कोकोबोलो, एबनी, शिसवी: सुरीच्या मुठीला शेवटचा हात कशाचा द्यावा?

पोलादीमूठ (धागाकर्ता)

पात्याला पाणी कसं द्यावं यावर इथे पुष्कळ बोलून झालं आहे. मूठ मात्र नेहमी शेवटच्या दोन ओळींत उरकली जाते. घासा, तेल लावा, झालं. साग किंवा बाभळीपुरतं ते चालूनही जातं. पण आता बरेच जण कोकोबोलो, एबनी, आफ्रिकन ब्लॅकवुड, डेझर्ट आयर्नवुड अशा लाकडांचे तुकडे मागवतात आणि त्या महागाच्या तुकड्यांवर सागाचीच कृती करतात. मग पंधरवडा उलटला तरी मूठ चिकट राहते, पावसाळ्यात टँगच्या, म्हणजे पात्याच्या मुठीत जाणाऱ्या पोलादी भागाच्या, कडेला काळी रेघ उमटते, नाहीतर उन्हाळ्यात मुठीच्या टोकाला बारीक चीर जाते. या तीन तक्रारी इतक्यांदा कानावर येतात की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. मी किनारपट्टीवर राहतो आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या करतो, तेव्हा माझं बोलणं दमट हवेतलं आणि रोज धुतल्या जाणाऱ्या सुरीबद्दलचं आहे.

माझं म्हणणं असं की घट्ट, तेलकट लाकडाच्या अंगाला वरून फारसं काही लागत नाही. बंद करायचे असतात ते त्याचे सांधे आणि दोन्ही टोकं. आपण अंगावर हातावर हात चढवत बसतो आणि सांध्याकडे बघत नाही.

आधी लाकूड का हलतं ते बघू. हवेत सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा लाकडात साधारण ६ टक्के ओल राहते. ९० टक्क्यांना तीच ओल २० टक्क्यांच्या घरात जाते. एप्रिलमधलं पुणं आणि जुलैमधली रत्नागिरी यांच्यात एवढा फरक सहज पडतो. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, पण रुंदीला हलतं, आणि वर्षवलयांच्या दिशेने त्याच्या आडव्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. पोलाद ओलीने अजिबात फुगत नाही. म्हणून कोरड्या दिवसांत टँग आणि लाकडी फळ्या अगदी एकसपाट घासल्या तरी पावसाळ्यात कडेवरून नख फिरवलं की लाकूड किंचित वर आलेलं कळतं. हे थांबवता येत नाही, संथ करता येतं. कुठलंही फिनिश वाफ पूर्ण अडवत नाही, तिचा वेग कमी करतं.

पाणी सगळ्यात जास्त पितं ते टोकाचं लाकूड, जिथे नळ्या उघड्या असतात तिथलं. मुठीत अशा जागा दोन: पात्याला लागून असलेली पुढची कड आणि मागचं बूड. शिवाय फळ्या टँगला पक्क्या करणाऱ्या पिनांसाठी पाडलेली भोकं आतून उघडीच असतात. धुण्याचं पाणी नेमकं पुढच्या कडेवरून उतरतं.

म्हणून जोडणीच्या आधी पुढची कड पूर्ण घासून, पॉलिश करून घ्या. नंतर तिथे पात्याला ओरखडे न पाडता कानस फिरवता येत नाही. मग त्या कडेला आणि भोकांच्या आत पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) जिरवा. थोडी गरम केली की ती पातळ होते, पण लवकर घट्टही होते, हात चालवा. जोडताना टँगला दोन्ही बाजूंनी ६० किंवा ८० नंबरच्या पेपरचे ओरखडे हवेत. लाकडाची आतली बाजू अ‍ॅसिटोनने पुसायची आणि लगेच, तेल परत वर यायच्या आत, चिकटवायची. क्लँप आवळून सगळी इपॉक्सी बाहेर काढू नका, सांधा उपाशी राहतो. पिना ठोकल्यावर कडेने इपॉक्सीची बारीक ओळ बाहेर आलेली दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर पाण्याला वाट राहिली असं समजा.

आता अंगाचं. कोकोबोलो मी कोरडंच ६०० नंबरपर्यंत घासतो, मग बफवर, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर, हलकं फिरवतो आणि मधमाशीच्या मेणाचा एक हात देतो. बास. त्याचं स्वतःचं तेल पुरतं.

शिकाऊ_कानस

दादा, एक शंका. कोकोबोलोवर मी जवसाचं तेल लावलं होतं, रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून देतात ते. सागावर दोन दिवसांत सुकलं. कोकोबोलोवर मात्र अजून बोट चिकटतं. तेल खराब निघालं का?

पोलादीमूठ

तेल चांगलं आहे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जाऊन सुकत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंफून घट्ट पापुद्रा होतो. कोकोबोलो हे शिसवीच्याच गणातलं, दाल्बर्जिया रेटुसा, मध्य अमेरिकेतलं. त्याच्या गाभ्यात अशी नैसर्गिक द्रव्यं असतात जी ही ऑक्सिजन घेण्याची क्रियाच रोखून धरतात. त्यांच्यामुळेच ते लाकूड कुजत नाही, वाळवीला दाद देत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी आपण ते घेतो तोच गुण तेलाला सुकू देत नाही. दाल्बर्जियातली बरीच लाकडं असं करतात. आपली शिसवी थोडं कमी करते, पण पावसाळ्यात तीही रडवते.

टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने चिकट थर पुसून काढा, मग अ‍ॅसिटोनने पुसा, बारीक पेपर मारा आणि मेण लावा. त्यावर पुन्हा तेलाचा हात देऊ नका.

वऱ्हाडी_जवस

आमच्याकडे विदर्भात जवस घरचंच, म्हणून तेलांबद्दल लिहितो. सगळी तेलं सुकत नाहीत. तेलाची आयोडीन संख्या जितकी जास्त तितकं ते सुकणारं. जवसाची साधारण १७० ते २००. करडईची १४० च्या आसपास, ती सावकाश सुकते. तिळाची ११० च्या जवळपास, ते अर्धवट चिकट राहतं. शेंगदाण्याची १०० च्या आत, आणि खोबरेलाची जेमतेम १०. त्यामुळे खोबरेल कितीही दिवस ठेवा, ते तेलच राहणार. शेंगदाण्याचं तर पुढे खवट वास मारतं. अक्रोडाचं तेल सुकणाऱ्यांत येतं पण आपल्याकडे महाग पडतं.

खाण्याचं कच्चं जवस तेल सुकायला कित्येक आठवडे लागतात. दुकानातल्या 'बॉइल्ड' तेलात मँगनीज किंवा कोबाल्टसारखे धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते एक-दोन दिवसांत बसतं. अक्कलकोट, लातूरकडची करडई मी बाभळीवर आणि धावड्यावर वापरतो. पिवळेपणा जवसापेक्षा कमी येतो. चित्रकारांच्या पांढऱ्या रंगात ती याच कारणासाठी वापरतात.

आणि एक गोष्ट कृपया कुणीही हसण्यावारी नेऊ नका. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. सुकताना ते उष्णता सोडतं, घडीत ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं. काडी लावावी लागत नाही. फडकं उघडं पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. कारखान्यात लाकडाचा भुसा पडलेला असतो, हे विसरू नका.

सुतारपेठ

तेल, मेण हे सगळं जुनं झालं हो. मी चार वर्षांपासून सगळ्या मुठींना सायनोअ‍ॅक्रिलेट देतो, साधा पातळ सुपरग्लू. थरावर थर, मधे बारीक पेपर, शेवटी बफ. काचेसारखी चमक येते आणि गिऱ्हाईक खूष. पेन बनवणारे जगभर हेच करतात.

पोलादीमूठ

सुतारपेठ, तुमच्या मुठींचे फोटो मी पाहिले आहेत, घासणी फार सुरेख असते. पण स्वयंपाकघरातल्या सुरीला जाड सुपरग्लूचा थर देण्याला माझा ठाम विरोध आहे. पेन पाण्यात बुडत नाही. सुरी रोज ओली होते. लाकूड हलतं, पोलाद हलत नाही आणि थर कडक असतो, म्हणून तो आधी टँगच्या कडेवर आणि पिनांभोवती तडकतो. त्या केसाएवढ्या फटीतून पाणी थराखाली जातं, पांढुरके डाग पडतात आणि मग पापुद्रा सुटतो. तेलाची मूठ पाच मिनिटांत घरी दुरुस्त होते. सुपरग्लूची पूर्ण खरवडावी लागते, आणि ते काम गिऱ्हाईक करणार नाही.

शिवाय ओल्या हातात काचेसारखी मूठ निसटते. मासे साफ करणाऱ्या माणसाच्या हातात मी तशी सुरी देणार नाही.

सुतारपेठ

निसटण्याचा मुद्दा मान्य. पण जाड थर न देता पातळ सुपरग्लू नुसता जिरवून वरचा सगळा घासून काढला तर? एबनीच्या बारीक भेगा मी अशाच भरतो.

पोलादीमूठ

तसं असेल तर माझी काहीच हरकत नाही. भेगा आणि छिद्रं भरायला तो उत्तमच. एबनीचाच भुसा भेगेत दाबायचा, वर थेंब सोडायचा. फक्त सुती फडक्यावर सुपरग्लू ओतू नका. सुतावर तो झपाट्याने घट्ट होतो आणि इतका तापतो की बोट भाजतं, धूर येतो. टिश्यू पेपर घ्या, खिडकी उघडी ठेवा, चष्मा लावा. आणि पावसाळ्यात घाईने जाड सोडलात तर हवेतल्या ओलीने पांढरा पडतो, म्हणून थेंब थेंब.

एबनीबद्दल आणखी एक. ती उष्णतेला फार हळवी आहे. सँडिंग मशीनच्या बेल्टवर नेट लावून घासली तर डोळ्यांसमोर चिरते. नवा बेल्ट, कमी वेग, आणि हातमोजा न घालता मूठ हातात धरवत नसेल तर थांबायचं. साध्या इपॉक्सीचंही तेच, ६० अंशांच्या पुढे ती मऊ पडू लागते. बफवर तापवून स्वतःच्याच हाताने सांधा ढिला केल्याची उदाहरणं कमी नाहीत.

चपडा_लाख

सावंतवाडीजवळ राहते, म्हणून लाखेची बाजू मांडायलाच हवी. इथली लाकडी खेळणी फिरत्या सांगाड्यावर (लेथवर) लाखेची कांडी दाबून रंगवतात. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडाला धरते. मग केवड्याच्या पानाने घासून चमक आणतात. सुरीच्या मुठीला हे जसंच्या तसं चालणार नाही, पण लाख एका बाबतीत अजोड आहे. तेलकट लाकूड आणि वरचं व्हार्निश यांच्यामध्ये तिचा पातळ हात दिला तर लाकडातलं तेल वर येत नाही आणि व्हार्निश नीट सुकतं. ज्यांना कोकोबोलो किंवा शिसवीवर चमकच हवी आहे त्यांनी थेट पॉलियुरेथेन व्हार्निश न लावता आधी लाख द्यावी.

पळस, बोर आणि कुसुमावरच्या किड्यांची ही लाख झारखंड, छत्तीसगडकडून येते आणि पॉलिशवाल्यांच्या दुकानात चपडा म्हणून मिळते. लिटरभर स्पिरिटला साधारण पाव किलो घाला, रात्रभर ठेवा, मधेमधे हलवा. चपड्यात नैसर्गिक मेण असतं. ते गढूळ होऊन खाली बसतं, वरचं निवळ तेवढं ओतून घ्या. मेणासकट वापरलीत तर तिच्यावर पॉलियुरेथेन धरत नाही. बोळ्याने दोन पातळ हात, मधे अर्धा तास. वर्षभर जुनं द्रावण वापरू नका, ते कडक होतच नाही, नुसतं चिकटतं.

शिकाऊ_कानस

ताई, मग वर व्हार्निश नकोच, फक्त लाख ठेवली तर?

चपडा_लाख

स्वयंपाकघरात नको. गरम पाण्याने आणि साबणाने लाख जाते, कारण क्षारात ती विरघळते. शोभेच्या सुरीला, पेटीत ठेवायच्या वस्तूला छान. रोजच्या सुरीला फक्त मधला पडदा म्हणून.

डेट्रॉइटकर

इथे अमेरिकेत बरेच जण 'स्टॅबिलाइज्ड' लाकूड वापरतात, त्याबद्दल धाग्यात काही आलं नाही म्हणून लिहितो. लाकूड आधी ओव्हनमध्ये १०४ अंशांच्या आसपास दिवसभर ठेवून अगदी कोरडं करतात. गार झालं की मेथॅक्रिलेट रेझिनमध्ये बुडवून व्हॅक्यूम लावतात. लाकडातली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. बुडबुडे थांबले की व्हॅक्यूम सोडतात आणि मग खरं रेझिन आत ओढलं जातं, म्हणून नंतरही बराच वेळ तसंच भिजत ठेवावं लागतं. शेवटी फॉइलमध्ये गुंडाळून ९० अंशांच्या आसपास तापवून रेझिन घट्ट करतात. असं लाकूड फार कमी हलतं, आणि त्यावर वेगळं फिनिश लागतच नाही, नुसतं बफ केलं की झालं.

पण हे मऊ, सच्छिद्र लाकडासाठी. मेपलच्या गाठी, आंबा, सडू लागलेलं नक्षीदार लाकूड यांना त्याने नवा जन्म मिळतो. कोकोबोलो, एबनी, आयर्नवुड यांत रेझिन शिरायला जागाच नसते आणि त्यांचं तेल रेझिनला घट्ट होऊ देत नाही. 'स्टॅबिलाइज्ड कोकोबोलो' म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

पोलादीमूठ

फार मोलाची माहिती. आंब्याचं लाकूड आपल्याकडे सहज मिळतं आणि काही खोडांत काळ्या रेघांची नक्षी अशी असते की मेपल मागवायची गरज नाही. नुसतं वापरलं तर वर्षभरात बुरशी धरतं. त्याला हा मार्ग अगदी योग्य.

श्वासमार्ग

मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे, सुरी बनवत नाही, पण नवरा बनवतो. एवढ्या चर्चेत भुशाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. लाकडाचा भुसा हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारा म्हणून सिद्ध झालेल्यांत, ठेवला आहे. नाकाच्या पोकळ्यांचा कर्करोग सुतारकाम करणाऱ्यांत जास्त दिसतो तो याच कारणाने. कोकोबोलो आणि शिसवीच्या गणातल्या लाकडांचा त्रास वेगळा: ती अ‍ॅलर्जी घडवतात. पहिल्यांदा काही होत नाही, शरीर नोंद घेतं. पुढे कधीतरी मनगटावर, पापण्यांवर, मानेवर लाल चट्टे उठतात, आणि एकदा सुरू झालं की थोड्याशा भुशानेही परत येतं. घामाच्या दिवसांत अधिकच.

रुमाल बांधून काही होत नाही. एन-९५ किंवा त्याहून चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि तो शर्ट घरात झटकायचा नाही. भुसा झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. ज्यांना चट्टे येऊन गेले आहेत त्यांनी ते लाकूड कायमचं सोडावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. लाकडं पुष्कळ आहेत.

सुतारपेठ

डॉक्टर, पापण्यांचा त्रास मला गेल्या उन्हाळ्यापासून आहे, मी तो सुपरग्लूच्या धुराचा धरून चाललो होतो. सोमवारी त्वचेच्या डॉक्टरांकडे जातो.

श्वासमार्ग

जरूर जा, आणि कुठलं लाकूड घासलं त्याची यादी सोबत न्या. सुपरग्लूचीही अ‍ॅलर्जी असते, दोन्ही तपासता येतात.

बल्लवी

मला बनवता येत नाही, पण वापरते रोज. शिसवीच्या मुठीची सुरी आहे, आता मूठ राखाडी, कोरडी दिसते आणि टँगच्या कडेला काळी रेघ आली आहे. काय करावं? फेकवत नाही हो.

पोलादीमूठ

ताई, फेकायची मुळीच नाही. काळी रेघ म्हणजे पोलादाचं लोह आणि लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, यांचा संयोग. हिरडा आणि लोखंडाची काळी शाई करायचे ती याच तत्त्वावर. बाभूळ आणि खैरात टॅनिन भरपूर, त्यामुळे त्यांच्यात हे आणखी लवकर होतं. रेघ आहे म्हणजे सांध्यात पाणी जातंय.

सुरी दोन आठवडे सावलीत कोरडी होऊ द्या, उन्हात नको. मग ४०० नंबरच्या पेपरने मूठ लांबीच्या दिशेने हलकी घासा. पात्याला कागदी टेप आधीच लावा. राखाडी थर निघून आतला रंग दिसेल. सांध्यात फट असेल तर तिथे पातळ सुपरग्लूचा थेंब टेकवा, तो स्वतःच आत ओढला जातो. सुकल्यावर कड परत घासा. शेवटी बॉइल्ड जवस तेलाचा अगदी पातळ हात, पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून टाका, फडकं वऱ्हाडी_जवस यांनी सांगितलं तसं वाळवा. चार दिवसांनी मेण. पुढे वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, मेणाचा हात पुरे.

आणि सिंकमध्ये भिजत ठेवायची नाही. डिशवॉशर तर नाहीच. पुसून उभी ठेवा, मूठ वर.

बल्लवी

मेण कुठलं? देवघरातल्या मेणबत्तीचं चालेल?

पोलादीमूठ

ते बहुधा पॅराफिन असतं, थर फार मऊ राहतो. मधमाशीचं मेण खादी भांडारात मिळतं. एक भाग मेण, तीन भाग जवस तेल, पातेल्यातल्या गरम पाण्यात वाटी ठेवून विरघळवा, थेट ज्योतीवर नाही. शिसवीला हे बसतं. कोकोबोलोला नुसतं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून, तेलाशिवाय.

वऱ्हाडी_जवस

लाकूड मागवण्याबद्दल एक. २०१७ पासून दाल्बर्जियाचा अख्खा गण साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपली शिसवी, शिसम, कोकोबोलो, ब्लॅकवुड सगळं त्यात येतं. ब्राझीलची शिसवी तर १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात. परदेशातून तुकडे मागवताना कागदपत्रं विचारा, नातेवाइकांच्या बॅगेत घालून आणू नका. कस्टममध्ये अडकलं की लाकूड जातंच, वर त्यांना मनस्ताप. जुन्या वाड्यांच्या मोडीतून शिसवीचे खांब, पलंगाचे पाय मिळतात. शंभर वर्षं हवेत मुरलेलं लाकूड, चीर जायची ती जाऊन चुकलेली. मला तेच आवडतं.

शिकाऊ_कानस

माझ्याकडे एक तुकडा आहे, विकणाऱ्याने नुसतं 'विदेशी रोजवुड' म्हणून दिला. त्यावर तेल सुकेल की नाही हे मूठ बसवायच्या आधी कसं ओळखू?

पोलादीमूठ

नाव विसरा, तुकड्यालाच विचारा. त्याच ठोकळ्याची एक चकती कापा आणि २२० नंबरपर्यंत घासा. पांढऱ्या कापडावर अ‍ॅसिटोन घेऊन ती पुसा. कापडावर गडद केशरी किंवा जांभळट रंग उतरला तर लाकूड तेलकट. मग चकतीच्या अर्ध्या भागाला बॉइल्ड जवसाचा पातळ हात, उरलेल्या अर्ध्याला लाखेचे दोन हात आणि वर तेच तेल. शेजारी सागाच्या तुकड्यालाही तेल लावून ठेवा, म्हणजे हवेचा दोष की लाकडाचा ते कळेल. साग सुकला, चकतीचा नुसत्या तेलाचा भाग चिकट राहिला, तर मुठीला तेल नाही, मेण. साग आणि तो भाग दोन्ही सुकले तर बिनधास्त तेल लावा. साग पण चिकट राहिला तर आठवडाभर थांबा, पाऊस उघडू दे.

चकतीचे फोटो इथेच टाका, अ‍ॅसिटोनच्या कापडासकट.